स्पायनलनंतर बीपी पडू नये म्हणून: सलाईन कधी, किती आणि कशाच्या जोडीला

सीझरसाठी पाठीत भूल (स्पायनल) दिली आणि बीपी सांभाळायला काहीच केलं नाही, तर निम्म्याहून जास्त बायकांचं बीपी पडतं. त्यासाठी सलाईन लागतं, यात वाद नाही. पण कित्येक ओटींमध्ये मला अजूनही दिसतं ते असं: बाई टेबलावर येण्याआधी अर्धा-पाऊण तास एक बाटली, मग दुसरी, आणि मग निरोप येतो, "मॅडम, दोन बाटल्या गेल्या, आता द्या स्पायनल." त्या दोन बाटल्यांवर आपला जेवढा विश्वास असतो तेवढं काम त्या करत नाहीत. त्यातली एकच बाटली औषध पाठीत जातानाच जोरात सोडली तर ती जास्त उपयोगी पडते. आणि तीही एकटी पुरत नाही. बीपी वाढवणारं औषध सिरिंजमध्ये भरून शेजारी असावंच लागतं.

मी भूलतज्ज्ञ आहे. बीड, धाराशिव, लातूर या पट्ट्यातल्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत सीझरच्या भुली देते. एमबीबीएसनंतर एलएसएएसचं (जीव वाचवण्यापुरत्या भुलीच्या कौशल्यांचं) प्रशिक्षण घेऊन तालुक्याच्या ठिकाणी एकट्याने भूल सांभाळणारे डॉक्टर आणि त्यांच्या बाजूला उभ्या असलेल्या ओटीच्या सिस्टर, या दोघांसाठी हे लिहिते आहे. खाली दिलेले डोस पूर्ण दिवस भरलेल्या, एरवी धडधाकट बाईचे आहेत. ज्यांना वेगळं वागवायचं त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर सांगते, तो भाग वगळू नका.

बीपी का पडतं

सीझरसाठी भूल वर स्तनाग्रांच्या पातळीपर्यंत, म्हणजे टी-४ (छातीच्या चौथ्या मज्जातंतू) पर्यंत चढावी लागते. तेवढ्या भागातल्या रक्तवाहिन्यांना आवळून धरणाऱ्या नसा त्या औषधाने झोपतात. धमन्या सैलावतात, पायांतल्या आणि पोटातल्या शिरा पसरतात. ओढ्याचं तेवढंच पाणी रुंद पात्रात आलं की पातळी उतरते, तसं रक्त तेवढंच राहून दाब उतरतो. त्यात गर्भाशयाचं वजन मोठ्या शिरेवर. बाई उताणी झोपली की पायांकडून हृदयाकडे येणारं रक्त अडतं. भूल आणखी वर, टी-१ ते टी-४ मधल्या नसांपर्यंत गेली, तर हृदयाचा वेग वाढवणाऱ्या नसाही बंद पडतात आणि नाडी मंदावते.

बाळासाठी हे जास्त गंभीर असतं. पूर्ण दिवसांच्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा ते पाऊण लिटर रक्त जातं, आणि आईचा दाब उतरला की गर्भाशय आपला पुरवठा स्वतः सावरू शकत नाही. आईचं बीपी पडलं की बाळाचं रक्त कमी झालंच. आधीच ठोके पडलेलं बाळ असेल, तर चार-पाच मिनिटांचं कमी बीपीही त्याला महागात पडतं.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. बिघाड मुख्यतः वाहिन्या सैलावण्याचा आहे. पाणी त्या जागा थोड्या भरून काढतं, पण वाहिन्या पुन्हा आवळण्याचं काम पाणी करू शकत नाही.

आधी दिलेल्या बाटल्या जातात कुठे

१९६८ मध्ये वोलमन आणि गर्टी मार्क्स यांनी स्पायनलच्या आधी भरपूर सलाईन देण्याची कल्पना मांडली. ती इतकी पक्की रुजली की पुढची पंचवीस वर्षं आधी बाटली दिल्याशिवाय स्पायनल देणं चूक मानलं जायचं. मग १९९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत राऊट, रॉक आणि सहकाऱ्यांनी ती तपासली. किलोमागे २० मिली सलाईन आधी दिलेल्या बायकांत ५५ टक्के जणींचं बीपी पडलं, न दिलेल्यांत ७१ टक्के. फायदा झाला, पण निम्म्याहून जास्त जणींचं पडायचं ते पडलंच. तातडीच्या सीझरमध्ये बाटली संपायची वाट बघत बसू नका, हे त्यांचं म्हणणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

कारण १९९९ मध्ये जपानमधल्या उएयामा आणि सहकाऱ्यांच्या कामातून स्पष्ट झालं. दीड लिटर रिंगर लॅक्टेट दिल्यावर अर्ध्या तासाने त्यातलं फक्त २८ टक्के रक्तवाहिन्यांत उरलं होतं. बाकीचं ऊतींत झिरपलं. शिवाय एकदम पाणी चढलं की हृदयाचे कप्पे ताणले जातात आणि शरीर पाणी बाहेर टाकणारं संप्रेरक सोडतं. म्हणजे वाहिन्या सैल पडण्याची वेळ येईपर्यंत आपली बाटली पायांच्या सुजेत आणि लघवीच्या पिशवीत पोचलेली असते.

म्हणून आता सलाईन बरोबरीने देतात. सुई पाठीत गेली, मणक्यातलं पाणी दिसलं, औषध सोडायला सुरुवात केली, त्याच क्षणी शिरेतली बाटली पूर्ण सुटली पाहिजे. भूल चढण्याच्या पाच-दहा मिनिटांत, जेव्हा वाहिन्या खरोखर रिकाम्या होत असतात, तेव्हाच पाणी आत येतं.

तहानलेली बाई ही वेगळी गोष्ट

इथे एक गल्लत होते, ती आधी दूर करू. बरोबरीने सलाईन द्या म्हणजे आधी काहीच देऊ नका असा अर्थ नाही. बाईच्या अंगात पाणीच कमी असेल तर ती तूट आधी भरायची. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये तांड्यावरून किंवा वस्तीवरून येणारी बाई रात्रभर कळा देत असते. "पाणी पिऊ नको, ऑपरेशन लागंल" असं घरात कुणीतरी सांगितलेलं असतं, म्हणून ओठ कोरडे, जीभ कोरडी, नाडी ११० च्या पुढे, कॅथेटर टाकला की गडद पिवळी थोडीशीच लघवी. हिला वॉर्डातच ५०० मिली द्या, नाडी बघा, गरज वाटली तर आणखी द्या. तूट भरली की मग तिची गणती इतरांसारखी.

ठरवून केलेल्या सीझरमध्ये ही वेळ येऊच नये. साधं पाणी ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत प्यायला चालतं. सकाळी नऊची केस असलेल्या बाईला रात्री दहापासून कोरडं ठेवणं मला अजिबात पटत नाही. सिस्टरनी सकाळी सहा-साडेसहाला एक पेलाभर पाणी स्वतः समोर उभं राहून प्यायला लावावं.

रक्तस्रावाने तूट झाली असेल, वार सुटली असेल किंवा गर्भाशय फाटल्याची शंका असेल, नाडी वेगात आणि हातपाय गार असतील, तर तिथे स्पायनल नकोच. कितीही बाटल्या देऊन ती सुरक्षित होत नाही.

तयारी: सुई, बाटली, दाब

सलाईन वेळेवर सुरू झालं तरी ते वेगाने गेलं नाही तर उपयोग नाही, आणि वेग ठरतो सुईवर. वॉर्डातून बाई येते तेव्हा हातावर बहुतेक वेळा गुलाबी, म्हणजे २० नंबरची इंट्राकॅथ असते. तिच्यातून पाकिटावरच्या हिशेबाने मिनिटाला साधारण ६० मिली जातं. हिरवीतून, १८ नंबरच्या, साधारण ९०. प्रत्यक्षात सेटच्या नळीमुळे दोन्ही आकडे खाली येतात, पण हिरवी पुढेच राहते. स्पायनलसाठी हिरवी लावून घ्या, आणि रक्तस्रावाचा धोका असेल तर राखाडी १६ नंबरची. कोपरावर लावू नका, हात वाकला की थांबते. मनगटाच्या वर, सरळ भागात लावा.

बीपीचा पट्टा दुसऱ्या हाताला. हे छोटं वाटतं, पण एकाच हातावर दोन्ही असतील तर पट्टा फुगला की सलाईन थांबतं, आणि आपण तर पहिली दहा मिनिटं दर मिनिटाला बीपी घेणार असतो. वर बीपीचं औषध त्याच लाइनमधून चाललं असेल तर ते नळीत साचतं आणि पट्टा सैल झाल्यावर एकदम आत जातं.

बाटली आरएलची (रिंगर लॅक्टेटची) घ्या. एनएस (साधं मिठाचं सलाईन) भरपूर दिलं तर रक्तात क्लोराइड वाढून आम्लता येते. मात्र एनएसची एक बाटली शेजारी ठेवा, कारण रक्त द्यायची वेळ आली तर ते आरएलच्या लाइनमधून देऊ नये. आरएलमधल्या कॅल्शियममुळे पिशवीतल्या रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. डीएनएस (साखर-मिठाचं सलाईन) किंवा पाच टक्के डेक्स्ट्रोजची बाटली या कामासाठी कधीच लावायची नाही. आईची साखर वाढते, ती बाळाकडे जाते, बाळाचं इन्सुलिन वाढतं आणि नाळ कापल्यावर बाळाची साखर खाली येते. हायड्रॉक्सीएथिल स्टार्च वाहिन्यांत जास्त वेळ टिकतं हे खरं, पण आजारी रुग्णांत मूत्रपिंडाला इजा होते असं दिसल्यावर युरोपात २०२२ मध्ये त्याची विक्री स्थगित झाली. आपल्याला त्याच्याशिवाय भागतं.

आता दाब. बाटली नुसती स्टँडवर उंच टांगली तरी बऱ्यापैकी वेग येतो, तेवढी उंची मामांना (वॉर्डबॉयना) आधीच वाढवून ठेवायला सांगा. दाबाची पिशवी असेल तर आणखी चांगलं, पण ती मऊ, आपोआप चेपत जाणाऱ्या बाटलीलाच बांधा, आणि बांधण्याआधी बाटलीतली हवा पूर्ण काढा. कडक बाटलीला हवेसाठी वर सुई टोचायची आपल्याकडची पद्धत आहे. अशी बाटली दाबायची नाही. दाबाखाली पाणी संपलं की मागची हवा थेट शिरेत जाते. दाबाखाली बाटली चालू असेल तोवर एका माणसाची नजर तिच्यावरच हवी, आणि शेवटचे ५० मिली उरले की दाब सोडायचा.

एसीत ठेवलेली गार बाटली टाळा. लिटरभर गार पाणी आत गेलं की बाई थडथडायला लागते, मॉनिटरवर बीपी नीट येत नाही आणि नेमकी हवी ती माहिती हातातून जाते.

लेबर रूममधून आलेली बाटली

हे मी वेगळं आणि ठळक सांगते, कारण याने जीव जाऊ शकतो. कळा वाढवायला ऑक्सिटोसिनची बाटली लावलेली बाई तातडीच्या सीझरला येते, तेव्हा तीच बाटली हलत-डुलत तिच्याबरोबर ओटीत येते. धावपळीत कुणीतरी तिचाच रोलर पूर्ण उघडतं. ऑक्सिटोसिन एकदम गेलं की वाहिन्या आणखी सैलावतात, बीपी धाडकन खाली येतं, नाडी पळते, आणि गर्भाशय आवळून बाळाचा पुरवठा तुटतो. मॅग्नेशियमची (झटके रोखायच्या औषधाची) बाटली असेल तर धोका वेगळा, पण तेवढाच मोठा.

म्हणून बाई ओटीच्या दारात आली की पहिलं काम: जुनी बाटली काढा. नुसती बाटली बदलून भागत नाही, नळीतही औषध असतं, त्यामुळे सेटसकट काढा आणि नव्या सेटवर साधं आरएल लावा. मॅग्नेशियम चालू ठेवायचं असेल तर ते स्वतंत्र लाइनवर, मोजून. ज्या बाटलीत काही मिसळलं आहे तिच्यावर मोठ्या अक्षरात नाव, मात्रा आणि वेळ लिहा. सिस्टर, हे काम तुमचं आहे आणि त्या क्षणी ओटीत तुमच्याशिवाय ते कुणी करत नाही.

औषध भरून ठेवा, सुई पाठीत जाण्याआधी

जगभरच्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये एकत्र येऊन सीझरच्या स्पायनलसाठी जे मत दिलं, त्याचा गाभा असा: बीपी वाढवणारं औषध पडझड झाल्यावर शोधायचं नाही, नेहमीच आणि आधीपासूनच द्यायचं, पसंती फिनाइलएफ्रिनला, आणि जोडीला बरोबरीचं सलाईन. हाँगकाँगमध्ये न्गान की आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये जोरात सोडलेलं सलाईन आणि फिनाइलएफ्रिनचं इन्फ्युजन (शिरेतून सतत, मोजून देणं) एकत्र वापरलं, तेव्हा बीपी पडणाऱ्या बायका दोन टक्क्यांच्या आत आल्या. तेच औषध पण सलाईन जेमतेम ठेवलेल्या गटात हा आकडा २८ टक्के होता. सलाईन आणि औषध एकमेकांना कसे पूरक आहेत, याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

फिनाइलएफ्रिनची अँप्युल आपल्याकडे बहुतेक १ मिलीत १० मिलिग्रॅमची येते. लेबल वाचा, दुसऱ्याला मोठ्याने वाचून दाखवा. ती थेट कधीही द्यायची नाही. पूर्ण अँप्युल १०० मिली एनएसमध्ये टाकली की १ मिलीत १०० मायक्रोग्रॅम होतं. त्यातून १० मिलीच्या सिरिंजमध्ये भरा आणि लेबल लावा. एका वेळचा डोस अर्धा ते एक मिली.

पंप असेल तर मिनिटाला २५ ते ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे या मिश्रणाचे तासाला १५ ते ३० मिली, औषध पाठीत गेल्याबरोबर सुरू करा. पंप नसलेल्या ठिकाणी मी मायक्रोड्रिप सेट वापरते. त्यात ६० थेंबांचा १ मिली होतो, त्यामुळे मिनिटाला १५ ते ३० थेंब म्हणजे तेवढेच तासाला १५ ते ३० मिली. हिशेब सोपा आहे, पण थेंब मोजायला माणूस हवा. तो नसेल तर इन्फ्युजनचा मोह सोडा, सिरिंजमधून अर्धा-अर्धा मिली देत दर मिनिटाला बीपी बघणं जास्त सुरक्षित.

अनेक ग्रामीण रुग्णालयांत फिनाइलएफ्रिन नसतं, मेफेन्टरमिन असतं. त्याची बाटली १ मिलीत ३० मिलिग्रॅमची किंवा १५ चीही येते, इथेही लेबल बघा. तीसवाल्यातलं १ मिली घेऊन एनएसने ५ मिली केलं की १ मिलीत ६ मिलिग्रॅम. डोस अर्धा ते एक मिली, लागलं तर पुन्हा. नाडी ६० च्या खाली असताना बीपी पडलं तर फिनाइलएफ्रिनपेक्षा हेच बरं, कारण फिनाइलएफ्रिन नाडी आणखी उतरवतं. नाडी ५० च्या खाली आणि बीपीही खाली, तर अॅट्रोपिन ०.६ मिलिग्रॅम. तेही भरलेलं असू द्या.

स्पायनलच्या पाच मिनिटं आधी ऑन्डॅनसेट्रॉन ४ मिलिग्रॅम शिरेतून हळू दिलं तर उलटीबरोबर बीपीलाही थोडा आधार मिळतो. फार मोठा नाही, पण फुकटचा आहे.

ती दहा मिनिटं

बाई टेबलावर आली की शांतपणे पडून राहू द्या आणि दोन-तीनदा बीपी घ्या. घाबरलेल्या बाईचं पहिलं बीपी फसवं असतं. समजा सरासरी वरचं बीपी १२० निघालं. मग आपलं काम ते १०८ च्या वर ठेवणं, आणि ९६ च्या खाली कधीच जाऊ न देणं: मूळच्या ९० टक्क्यांवर ठेवायचं आणि ८० टक्क्यांची वेस ओलांडू द्यायची नाही. हे दोन आकडे फळ्यावर किंवा भुलीच्या कागदावर लिहून ठेवा, म्हणजे गडबडीत हिशेब करावा लागत नाही.

बसवून स्पायनल देताना सलाईन मंद चालू ठेवा. औषध सोडायला लागलात की "सोडा" म्हणा आणि सिस्टरनी रोलर पूर्ण उघडायचा. आधी ठरवून ठेवलेला हा एक शब्द फार कामाचा, कारण तेव्हा आपले दोन्ही हात अडकलेले असतात. बाईला लगेच झोपवा, उजव्या कुल्ल्याखाली उशी किंवा गुंडाळलेली चादर द्या, म्हणजे पोट डावीकडे कलेल. डोक्याखाली उशी राहू द्या.

५५ किलोच्या बाईला किलोमागे १० ते १५ मिली म्हणजे साडेपाचशे ते सव्वाआठशे मिली होतं. व्यवहारात पहिली ५०० ची बाटली पूर्ण जोरात, दुसरी बीपी बघून. बाळ बाहेर येईपर्यंत लिटरभराच्या आत भागतं. त्यापुढेही बीपी टिकत नसेल तर तिसरी बाटली लावू नका. औषध वाढवा आणि कारण शोधा. पोट खरंच कललंय का? भूल किती वर गेली? रक्त कुठे जातंय?

बीपी दर मिनिटाला. पण यंत्राच्या आकड्याआधी बाईचं तोंड बोलतं. आमच्याकडची बाई म्हणते, "मॅडम, गरगरायलंय", "कसंतरी व्हायलंय", "जीव घाबरायलाय". कुणी बोलतच नाही, फक्त जांभया देते. सीझरच्या टेबलावर स्पायनलनंतरची मळमळ ही बीपी पडल्याचीच खूण समजा आणि उलटीचं इंजेक्शन शोधण्याआधी बीपी वाढवणारं द्या. बहुतेक वेळा मळमळ त्यानेच जाते. म्हणून मी डोक्याशी उभी राहून सतत बोलत असते. "ताई, बरं वाटतंय ना? कितवं बाळ हे? हाताची मूठ घट्ट दाबा बरं." मूठ ढिली पडली, आवाज बारीक झाला, दम लागला म्हणाली, तर भूल फार वर चाललीय. तेव्हा सलाईनमध्ये गुंतू नका. ऑक्सिजन, बीपीचं औषध, आणि श्वास आपल्या हाती घ्यायची तयारी.

बीपी पडलं की टेबल डोक्याकडून खाली करायची जुनी सवय हेवी बुपिवाकेनबरोबर (पाठीत द्यायच्या भुलीच्या औषधाबरोबर) धोक्याची आहे, कारण पहिल्या काही मिनिटांत औषध वर सरकतं. त्याऐवजी मामांना दोन्ही पाय उचलून धरायला सांगा. ऑपरेशनआधी पायांना घट्ट क्रेप बँडेज गुंडाळणंही उपयोगी ठरतं असं दिसलंय. पैसे जवळजवळ लागत नाहीत, तरी आपल्याकडे ते फार कमी केलं जातं याची मला हळहळ वाटते.

औषधाचं प्रमाणही बघा. आपल्याकडच्या बुटक्या बांध्याच्या, ४५-५० किलोच्या बाईला हेवी बुपिवाकेनचे २ मिली बहुतेक वेळा पुरतात. जास्त दिलं की भूल जास्त वर आणि बीपी जास्त खाली.

बाळ बाहेर आल्यावर

नाळ कापली की सलाईनचा वेग कमी करा. गर्भाशय आवळलं की त्यातलं रक्त आईच्याच अंगात परत येतं, मोठ्या शिरेवरचं वजनही गेलेलं असतं. आता जोरात बाटली चालू राहिली तर ती फुफ्फुसांना भारी पडते.

ऑक्सिटोसिन सिरिंजमधून झपकन देऊ नका. ठरवून केलेल्या सीझरला १ युनिट आणि कळा देऊन थकलेल्या गर्भाशयाला ३ युनिट, अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ घेऊन, आणि मग मोजून इन्फ्युजन, असं २०१९ पासून तज्ज्ञ सांगतात. सर्जन "पिट द्या, पिट द्या" म्हणत असले तरी हात सावकाशच चालू द्या. बीपी आत्ताच सावरलेल्या किंवा रक्त गेलेल्या बाईला एकदम दिलेलं ऑक्सिटोसिन पुन्हा पाडतं.

कुणाला ही पद्धत लावायची नाही

तीव्र प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढण्याचा आजार): बीपी १६०/११०, अंगावर सूज. हिला लिटरभर सलाईन द्यायचं नाही. तिच्या वाहिन्या गळक्या असतात, पाणी फुफ्फुसांत उतरतं. शिवाय स्पायनलनंतर तिचं बीपी इतर बायकांपेक्षा कमी पडतं, त्यामुळे गरजही कमी. सगळं मिळून तासाला ८० मिलीच्या आसपास ठेवा आणि बीपीचं औषध लागलंच तर निम्म्या डोसने सुरू करा. प्लेटलेट बघितल्याशिवाय सुई लावू नका.

हृदयाची झडप आकसलेली बाई. लहानपणी सांधेदुखीचा ताप होऊन गेलेला, चढ चढताना किंवा मोळी उचलताना दम लागायचा, कुणी कधी तपासलं नाही. तिला आपली नेहमीची बाटली फुफ्फुसात पाणी आणू शकते, आणि एकदम दिलेली स्पायनलही सोसत नाही. दम लागण्याची विचारपूस म्हणून प्रत्येकीची करा. अशी बाई वेळ असेल तर वैद्यकीय महाविद्यालयात पाठवा.

रक्त फार कमी असलेली बाई. ऊसतोडीहून परतलेल्या बायकांत हिमोग्लोबिन सहा-सात मिळणं आम्हाला नवं नाही. तिला पाणी दिलं की उरलेलं रक्त आणखी पातळ होतं. सलाईन हात राखून, औषधावर भर, आणि रक्ताची पिशवी हाताशी आल्यावरच, बाळ थांबू शकत असेल तर.

सीझरखेरीजच्या स्पायनलबद्दल थोडक्यात. हर्निया, हायड्रोसील, मूळव्याध यांत भूल खाली राहते, बीपी फारसं पडत नाही. तिथे बाटल्या ओतल्या तर म्हाताऱ्या माणसाची लघवी तुंबते, एवढंच होतं. प्रोस्टेटच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये धुण्याचं पाणी आपोआप शरीरात शोषलं जातं, त्यात आपली भर नको. खुब्याचं हाड मोडून चार दिवस घरी झोपलेल्या आजींची तूट मात्र आदल्या दिवशीपासून सावकाश भरावी लागते, आणि टेबलावर बुपिवाकेनचा डोस कमी ठेवावा लागतो.

वॉर्डात सोपवताना

टेबलावरून ट्रॉलीवर उचलताना बीपी पुन्हा पडू शकतं, म्हणून हलवण्याआधी एकदा आणि हलवल्यावर लगेच एकदा मोजा. भूल उतरेपर्यंत बाईला बसवू नये. नातेवाइकांना हे दारातच सांगा, नाहीतर चहा पाजायला आत्या तिला उठवून बसवतात. वॉर्डच्या सिस्टरला कागदावर लिहून द्या: आरएल किती मिली गेलं, रक्त अंदाजे किती गेलं, बीपीचं औषध शेवटचं किती वाजता दिलं, चालू बाटलीत ऑक्सिटोसिन आहे का आणि ती किती थेंबांनी चालवायची, लघवीच्या पिशवीत किती आहे. पहिला तास दर दहा-पंधरा मिनिटांनी बीपी आणि नाडी. वरचं बीपी ९० च्या खाली गेलं, नाडी १२० च्या वर गेली किंवा पॅड भिजलं, तर बाटली जोरात सोडून गप्प बसायचं नाही. आधी गर्भाशय चोळायचं, आणि मला किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन करायचा.